वैर मनी

चांगुणाबाई विहारात माईक हातात घेऊन बसली की लहान लेकरंसुद्धा नाक पुसून सरळ बसतात. बाई अंगानं काटकुळी, पण आवाज असा की शेजारच्या हट्टा गावच्या बाजारात उभी राहून बोलली तर गावात ऐकू यावी. तिला कुणी काकू म्हणत नाही, मावशी म्हणत नाही. तोंडावर सगळे चांगुणाबाई म्हणतात, आणि ती पाठमोरी झाली की काय काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. वस्तीतलं एकही घर तिनं दुखवायचं बाकी ठेवलेलं नाही. तरी पौर्णिमा आली की माईक तिच्याच हातात जायचा, कारण पाली तिच्याइतकी स्वच्छ कुणाला येत नव्हती, आणि ज्यांना थोडीफार येत होती त्यांची तिच्यासमोर म्हणायची छाती नव्हती.

बाई शील देते, असं वस्तीत म्हणतात. शील देणं म्हणजे पुढं बसून पालीतून एकेक ओळ म्हणायची आणि बसलेल्यांनी ती मागून म्हणायची. आधी बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जायचं. मग पाच शीलं. जीव घेण्यापासून लांब राहीन, न दिलेलं घेण्यापासून लांब राहीन, वाकडं वागण्यापासून, खोटं बोलण्यापासून, नशेपासून लांब राहीन. हे वचन कुठल्या देवाला दिलेलं नसतं, कारण घेणारा देव तिथं नाहीच. ज्याचं त्यानं स्वतःला दिलेलं असतं. एकदा एक बाई पोराच्या नोकरीसाठी मूर्तीपुढं नारळ घेऊन आली. चांगुणाबाईनं तो तिथंच फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि तिला म्हणाली, "बुद्ध काही देत न्हाई वं. त्यानं रस्ता दाखवला, पाय ज्याचे त्याचे. जा, पोराला अभ्यासाला बसव." ती बाई नंतर वर्षभर विहारात आली नाही.

पाचवं शील ती जरा जास्तच जोरात द्यायची. त्याचं कारण जळबा, तिचा नवरा. जळबा दारूनं गेला, आणि शेवटच्या वर्षी तर तोंडाला वास मारत असताना तो तिच्याच मागून ते शील म्हणायचा. दुसऱ्या शीलावरही तिचा फार जीव. लोक त्याचा अर्थ चोरी करू नका असा सांगतात, ते तिला पटत नाही. "चोरी काय ते पोलीस बघतील. बुद्धानं चोरी म्हणलंच न्हाई. अदिन्न म्हणलं. म्हंजे न दिलेलं. कुणी हातानं दिलं तर घ्या, न्हाई तर हात लावू नका." पुतण्याची बायको पुजा एकदा तिच्या दारातल्या कडीपत्त्याची दोन पानं जाता जाता तोडून गेली, तर चांगुणाबाई तिच्या मागं तिच्या घरापर्यंत गेली. "तुला कुणी दिलं का? सांग, कुणी दिलं?" असं तिनं चार बायकांत विचारलं. पुजा रडली. पानं फोडणीतून काढून परत द्यायची का, असं पुजाच्या सासूनं आतून विचारलं.

ही सासू म्हणजे चतुराबाई, चांगुणाबाईची थोरली जाऊ. या दोघींचं आयुष्यात एकदाही पटलं नाही, आणि त्याचं मूळ एका शब्दात आहे.

पाचही शीलांत एक शब्द येतो, वेरमणी. वेरमणी म्हणजे लांब राहणं, अंग काढून घेणं. त्यांची सासू चंदाबाई हा शब्द कानावर ऐकून शिकली होती. वस्तीनं धम्म घेतला तेव्हा ती नवी नवरी होती. पुरुषांनी मेलेली ढोरं ओढायची बंद केली, घरातले देव टोपल्यात घालून ओढ्याला सोडून आले, आणि त्याच दिवशी कुणीतरी सगळ्यांना पंचशील शिकवलं. कागद कुणाजवळ नव्हता, असता तरी वाचणारा नव्हता. चंदाबाईच्या कानाला पालीतलं वेरमणी ऐकू आलं ते आपल्या भाषेतलं "वैर मनी". मनातलं वैर. तिनं त्याचा आपल्यापुरता अर्थही लावून टाकला. ती चुलीपुढं बसून सुनांना सांगायची, "पाच वैर ऱ्हातेत माणसाच्या मनी. त्याईला ओळखून ठुवायचं." थोरली सून चतुराबाई भाकरी थापता थापता तसंच शिकली, पाणातिपाता वैर मनी, अदिन्नादाना वैर मनी. सासूनं शिकवलं ते तिनं डोक्यावर घेतलं.

मग धाकटी आली. चांगुणा कळमनुरीच्या बाजूची, सातवी शिकलेली. तिच्या बापानं तिच्याकडून एकेक अक्षर घोटून घेतलेलं. अंगावरची हळद उतरली नव्हती, तेवढ्यात संध्याकाळी सगळं घर वंदनेला बसलं आणि नवी नवरी पदराआडून म्हणाली, "वैर मनी न्हाई. वेरमणी हाय ते."

चंदाबाई दात नसलेलं तोंड उघडून हसली. "बरं बाई, तू तसं म्हण." तिच्या मनात काही राहिलं नाही. चतुराबाईच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण इतकी वर्षं जे म्हणत आलो ते चूक, हे काल आलेल्या पोरीनं सासूपुढं, दिरापुढं, नवऱ्यापुढं सांगावं? त्या दिवसापासून ती मुद्दाम "वैर मनी"च म्हणायला लागली, आधीपेक्षा ठासून.

पुढं वस्तीतले तातेराव, जे आधी शील द्यायचे, लेकाकडं राहायला नांदेडला गेले. माईक आता चतुराबाईचा नवरा संतराम याच्याकडं येणार असं तिनं गृहीत धरलं होतं. संतराम म्हणजे न बोलणारा माणूस, त्याला माईक काय करायचाय? तातेरावांनी तो चांगुणाबाईच्या हातात दिला. तेव्हापासून दर पौर्णिमेला चांगुणाबाई माईकवरून "वेरमणी" म्हणायची, सगळे "वेरमणी" म्हणायचे, आणि बायकांच्या पहिल्या ओळीतून एक आवाज अर्धा श्वास मागं राहून "वैर मनी" म्हणायचा. चांगुणाबाई थांबायची. "वेरमणी," ती माईकवरून पुन्हा सांगायची, लहान पोराला सांगावं तसं. चतुराबाई भिंतीकडं बघायची.

एकदा पुजा आपल्या तान्ह्या लेकराला घेऊन विहारात आली. लेकराच्या मनगटाला काळा दोरा, नजर लागू नये म्हणून. चांगुणाबाईनं वंदना थांबवली, उठली, लेकराचा हात धरून दातानं तो दोरा तोडला आणि बाहेर फेकला. "बुद्धाच्या पुढं दोरे बांधून आणता व्हय? लाज वाटती का?" दोरा चतुराबाईनं बांधला होता. नातू रडायला लागला, आणि आजी बोट दाखवत म्हणाली, "चांगुणे, याचं भरशील तू."

भरायची वेळ या वर्षी आली.

दोघींची शेतं एकाखाली एक. वाटणीत वरचा तुकडा संतरामला गेला, खालचा जळबाला. धरणाचा कॅनॉल वरून जातो, आणि त्याच्यातून निघालेली चारी, म्हणजे शेतात पाणी नेणारा मातीचा पाट, आधी वरच्या शेतातून येऊन मग खालच्या शेतात उतरते. जळबा होता तोवर भाऊ-भाऊ काहीतरी करून भागवायचे. आता खाली चांगुणाबाई एकटी. तिचा लेक प्रज्ञेश पुण्याला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणतो, "आई, सोड ते शेत, इकडं ये." ती म्हणते, "तुझ्या तिथं हळद लावता येती का?" आणि फोन ठेवते.

या साली पावसानं भादव्यातच दडी मारली. हळदीचे गड्डे धरायची वेळ आणि पानं सुरळी करून उभी. कॅनॉलला पाणी सुटल्यावर चांगुणाबाई रोज चारीच्या तोंडाशी जाऊन बसायची. वर भागवतची, म्हणजे चतुराबाईच्या लेकाची हळद हिरवीगार भिजत होती. खाली तिच्या शेतात चारी कोरडी, तोंडाशी मातीचा पक्का बांध घातलेला. शेवटी तिनं पाटकरी नरसिंगला गाठलं. कुणाला कधी पाणी द्यायचं ते पाटकरी ठरवतो.

"मपली पाळी कुठं गेली?" तिनं विचारलं.

नरसिंग गोंधळला. "तुमीच सोडली न्हाई का? तुमच्या जाऊबाई म्हणल्या की, चांगुणाला औंदा पाणी नको, बोअरवर भागतंय तिचं. म्हणून ती पाळी म्या भागवतला दिली."

"मपल्या शेतात बोअर हाय? चल, दाखीव मला. हुडकून दे."

नरसिंगनं मान खाजवली. पुढच्या फेऱ्याला बघू म्हणाला. पुढचा फेरा येईपर्यंत हळदीच्या काड्या झाल्या असत्या. चांगुणाबाईनं त्याला, त्याच्या साहेबाला आणि कॅनॉल खणणाऱ्यांना एकाच दमात शिव्या दिल्या आणि घरी आली.

वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत वस्ती रोज संध्याकाळी विहारात जमते आणि बुद्धाचं चरित्र ऐकते. सांगणारी चांगुणाबाईच. नेमकी त्या संध्याकाळी सिद्धार्थानं घर का सोडलं ती गोष्ट आली.

ही गोष्ट सांगताना ती दरवर्षी भांडते. राजपुत्र रथात बसून निघाला, त्याला म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला आणि तो घर सोडून गेला, हे जे सगळीकडं सांगतात ते तिला बिलकूल मान्य नाही. "एकोणतीस वर्षाचा गडी. लगीन झालेला, लेकरू झालेलं. त्यानं म्हातारं माणूस बघितलं न्हाई? काहून, त्याच्या बापाचे केस काळेच होते का?" लोक हसले. मग तिनं खरं कारण सांगितलं. रोहिणी नावाची नदी होती. अलीकडं शाक्य, पलीकडं कोलिय. एकमेकांचे सोयरे, लेकी-सुना इकडून तिकडं दिलेल्या. दरसाल पहिलं पाणी कुणी घ्यायचं यावरून कुरबूर व्हायची. त्या साली डोकी फुटली. शाक्यांचा संघ, म्हणजे त्यांची पंचायत, बसला आणि लढाई करायची ठरली. सिद्धार्थ उभा राहिला. तो म्हणाला, चूक कुणाची ते आधी बघा, दोन्हीकडची शहाणी माणसं बसवा, मारामारीनं नदीचं पाणी वाढत नसतं. कुणी ऐकलं नाही. संघाचं ऐकलं नाही तर घराला वाळीत टाकणार, जमीन काढून घेणार. तेव्हा तो म्हणाला, घरच्यांना हात लावू नका, मीच जातो देश सोडून.

"ध्यानात ठुवा," चांगुणाबाई म्हणाली. तिची नजर पहिल्या ओळीवर होती. "पाण्यावरून सख्खे सोयरे आंधळे झाले, तिथून आपला धम्म निघाला. दुसऱ्याचं पाणी दाबून बसणाऱ्याईनं हे नीट ऐका."

चतुराबाईनं पदर सावरला. "म्हंजी पाण्यापाई घर सोडलं म्हण त्यानं?"

"व्हय."

"मंग तूबी सोड की वं."

विहार फुटल्यासारखा हसला. बाया हसल्या, पोरं हसली, भागवत तर मांडीवर थापा मारत हसला. इतक्या वर्षांत चांगुणाबाईनं ज्यांचे ज्यांचे शब्द दुरुस्त केले होते, ज्यांचे नारळ फोडले होते, ती सगळी माणसं त्या हसण्यात होती. फक्त संतराम खाली मान घालून फरशीवरची रेघ बघत होता. चांगुणाबाईनं माईक बंद केला आणि ती घरी गेली. तिला रडायचं नव्हतं, तिला कुणालातरी चावायचं होतं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या सकाळी सगळी वस्ती पांढरे कपडे घालून विहारात येते, वंदना होते आणि खीर वाटतात. चांगुणाबाई न्हाली, पांढरी साडी नेसली आणि विहाराकडं जायचं सोडून फावडं घेऊन शेताकडं निघाली. भागवत आपल्या हळदीत पाणी लावून आंघोळीला घरी गेला होता, हे तिनं येताना बघितलं होतं. शेतात चिटपाखरू नव्हतं. तिनं चारीच्या तोंडावरचा बांध फोडला. पाणी आधी दबकत आलं, मग एकदम घुसलं आणि खालच्या सरीत पळत गेलं. भेगा पडलेल्या काळ्या मातीनं ते पिताना बुडबुड आवाज केला. तिनं वाकून हात भिजवला. मपलंच हाय, ती मोठ्यानं म्हणाली, ऐकायला कुणी नसताना. फावडं बांधावर ठेवून ती तशीच तरातरा विहारात आली आणि पुढं जाऊन बसली.

उशीर झालाच होता. सगळे हात जोडून वाट बघत होते. तिनं माईक घेतला, शरण घेतलं, पहिलं शील दिलं. लोकांनी मागून म्हटलं. मग तिनं तोंड उघडलं.

"अदिन्ना..."

पुढचं आलं नाही. हे पाणी आपल्या हक्काचं आहे, पाळी आपली आहे, खोटं बोलून त्यांनी काढून घेतली, हे सगळं तिला पाठ होतं. पण न दिलेलं म्हणजे न दिलेलं. हा अर्थ तिला कुणी दुसऱ्यानं शिकवला नव्हता. तिनंच तो कडीपत्त्याच्या दोन पानांसाठी अख्ख्या वस्तीला ऐकवला होता. तुला कुणी दिलं का? सांग, कुणी दिलं? तिनं डोळे मिटले आणि एकदम पुढं उडी मारली.

"कामेसु मिच्छाचारा वेरमणी..."

मागून कुणीच म्हटलं नाही. सवयीनं तोंडं उघडली होती, ती तशीच राहिली. शीलांचा क्रम तिथल्या शेंबड्या पोरालाही झोपेत येतो, तिनंच तो घोटून घेतलेला.

"दुसरं ऱ्हायलं," पहिल्या ओळीतून चतुराबाई म्हणाली.

चांगुणाबाईनं माईक या हातातून त्या हातात घेतला.

"दुसरं ऱ्हायलं म्हणते मी. काहून ऱ्हायलं?" चतुराबाई उठून उभी राहिली. तिची नजर चांगुणाबाईच्या साडीच्या काठावर गेली. पांढऱ्या साडीला खाली वीतभर काळा चिखल होता, अजून ओला. महिनाभर थेंब पडलेला नाही, गावात धूळ उडते, आणि या बाईच्या काठाला चिखल. चतुराबाई शेतात जन्म काढलेली बाई होती, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. "भागवत! ऊठ! चारी फोडली हिनं!"

भागवत उठला. गलका झाला. तेवढ्यात पुरुषांच्या ओळीतून कुणीतरी खाकरलं. संतराम. त्यानं भागवतचं मनगट धरून त्याला खाली ओढलं.

"बस. शील घेतल्याबिगर उठायचं न्हाई," तो म्हणाला. मग फरशीकडं बघतच म्हणाला, "चारी म्या फोडली. पाणी म्या दिलं तिला."

संतरामचा आवाज पुष्कळांनी पहिल्यांदाच ऐकला होता. चतुराबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. "तुमी? तुमी तर सकाळपसून दाढी करीत बसलता!"

"म्या दिलं," संतराम पुन्हा म्हणाला.

चांगुणाबाईच्या हातात अजून माईक होता. एवढं ऐकून घेतलं असतं की संपलं होतं. शेत संतरामच्या नावावर, तो दिलं म्हणतो, मग ते दिलेलंच झालं. तिनं दुसरं शील म्हणून टाकलं असतं, सगळ्यांनी मागून म्हटलं असतं आणि ती मरेपर्यंत या जागेवर बसली असती. ही एकच जागा होती जिथं तिला कुणी विधवा म्हणून, दारुड्याची बायको म्हणून बघत नव्हतं. पण त्या घराचं पाणी एक वेळ चालेल, त्या घराची दया तिला चालणार नव्हती. आणि खोटं ते खोटंच. यात शील किती होतं आणि ताठा किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

संतराम तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी तोंडानं बोलायची रीत नव्हती, ती कधी बोलली नव्हती. ती आता माईकवरून बोलली.

"दादा, खोटं बोलू नका. विहारात बसलाव. चारी म्या फोडली." मग ती जावेकडं वळली. "आन् आता तुमी सांगा अक्का. मपली पाळी सोडली म्हणून पाटकऱ्याला कोण म्हणलं?"

"मला काय ठावं?" चतुराबाई म्हणाली. तिची पापणीसुद्धा हलली नाही. "म्या काहीच म्हणलं न्हाई."

"नरसिंगनं सांगितलंय मला."

"मंग आण त्याला."

नरसिंग तिथं नव्हता, आणि बोलावला असता तरी आला नसता. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. चांगुणाबाईच्या बाजूनं एक आवाज निघाला नाही. दोरा तोडलेल्या लेकराची आई, नारळवाली बाई, चुकीचं बोलून टोमणे खाल्लेली माणसं, सगळे तिथंच होते. मागून कुणीतरी म्हणालं, "न दिलेलं घेणाऱ्यानं शील द्यावं, हे काही बराबर न्हाई." कुणीतरी म्हणालं, "हाव, खरं हाय." चांगुणाबाईनं माईक मूर्तीपुढच्या पाटावर ठेवला. ती उठली, ओळी ओलांडत मागं गेली आणि जिथं चपला काढतात तिथं भिंतीला टेकून बसली.

माईक चतुराबाईनं उचलला. किती वर्षं वाट बघून. तिनं तो तोंडाजवळ धरला, फुंकर मारून बघितली, आणि सगळं पहिल्यापासून घेतलं. शरण घेतलं ते सावकाश. पहिलं शील दिलं ते सावकाश. मग ती थांबली, मागच्या भिंतीकडं बघितलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

"अदिन्नादाना वैर मनी सिक्खापदं समादियामि."

लोक अडखळले. इतकी वर्षं घोटलेला शब्द जिभेवर होता, आणि समोरून दुसराच आला होता. पण शील घेताना समोरचा म्हणेल तेच मागून म्हणायचं असतं. एकेक करत सगळे म्हणाले, वैर मनी. चपलांजवळ बसलेल्या चांगुणाबाईचं तोंड दुरुस्त करायला उघडलं होतं. तिनं समोर बघितलं. जावेचा हात माईकभोवती, मान ताठ, डोळ्यांत भरलेलं समाधान. चांगुणाबाईच्या छातीत जे उसळलं त्याला पालीत काय म्हणतात ते तिला माहीत होतं, आणि त्यापासून लांब राहायची तिची तयारी नव्हती.

"अदिन्नादाना वैर मनी," ती म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं, आणि एकही अक्षर न चुकता.

चौथं शील आलं. मुसावादा. खोटं बोलण्यापासून लांब राहीन. चतुराबाई कुठंही अडखळली नाही, पाणी प्यावं इतक्या सहज म्हणून मोकळी झाली. विहारात सगळ्यांची तोंडं हलली. संतरामचं हललं नाही. तो फरशीवरची रेघ बघत ओठ घट्ट मिटून बसला होता, आणि मागं भिंतीशी बसलेल्या चांगुणाबाईला त्याचा न हलणारा जबडा बाजूनं दिसत होता.

चतुराबाईला माईक सोडवेना. तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या गाथा तिनं घेतल्या, काही दोनदा घेतल्या. भागवत चुळबुळ करत होता, बाप त्याचं मनगट सोडत नव्हता. शेतात चारी वाहत होती. चांगुणाबाईच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिनं मागून आवाज दिला, "अक्का, महामंगलबी घ्या की." चतुराबाईनं ते लांबलचक सुत्तही घेतलं. मग साधू, साधू, साधू झालं, आणि वाकून उठताना तिच्या डोक्यात उजेड पडला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. भागवत तोवर दाराबाहेर पळाला होता, पण खालची हळद टोकापर्यंत भिजली असणार, हे तिला बसल्या जागी कळत होतं.

खीर वाटायला तीच उभी राहिली. ओळ पुढं सरकत गेली. चांगुणाबाई उठून निघून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. ती ओळीत उभी राहिली, सगळ्यांत शेवटी, काठाला वाळत आलेला चिखल घेऊन. दोघी समोरासमोर आल्या. चतुराबाईनं पातेल्याच्या तळाशी पळी घातली, द्रोण काठोकाठ भरला आणि तिच्यापुढं धरला.

"घे," ती म्हणाली, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे तरी दिलेलं हाय."

चांगुणाबाईनं द्रोण घेतला. तिथंच उभं राहून, जावेच्या तोंडाकडं बघत, तिनं ती खीर शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. खीर गोड झाली होती, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.